डिडक्टिबलच्या आकड्याला घाबरू नका

अमेरिकेत ऑफिसातून हेल्थ इन्शुरन्स घेताना एचएसएवाला (म्हणजे औषधपाण्यासाठी टॅक्स वाचवणारं बचत खातं जोडलेला) प्लॅन समोर येतो. त्याचं ३४०० डॉलरचं डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) बघून बरेच जण 'नको रे बाबा, पीपीओच (कमी डिडक्टिबलचा, जास्त प्रीमियमचा नेहमीचा प्लॅन) बरा' म्हणतात. पण आधी प्रीमियम बघा. आमच्याकडे दोन प्लॅनमधला फरक महिन्याला १८० डॉलर, म्हणजे वर्षाला २१६०. शिवाय एचएसएत कंपनी १००० टाकते. झाले ३१६०. पीपीओचं डिडक्टिबल १०००, म्हणजे जास्तीचा धोका २४०० चाच. मात्र त्यापुढचं कोइन्शुरन्स (डिडक्टिबलनंतरच्या बिलातला आपला टक्केवारीचा वाटा) आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम (वर्षात आपल्या खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम) दोन्हीकडचं ताडून बघाच, खरी मेख तिथे असते.

एचएसएत पगारातून परस्पर भरलं की फेडरल टॅक्स वाचतो, वर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया मात्र राज्याचा टॅक्स लावतातच (आम्ही न्यू जर्सीवाले, नशीब!).

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. जानेवारीतच लेक बर्फावर घसरली, मनगट मोडलं, बिल १९०० आणि खात्यात जेमतेम ३००. एफएसए (ऑफिसातलं औषधपाण्याच्या खर्चाचं दुसऱ्या प्रकारचं खातं) असतं तसं वर्षाची रक्कम इथे पहिल्या दिवशी मिळत नाही. कार्डावर भरलं आणि नंतर एचएसएतून काढून घेतलं. त्याला मुदत नसते. खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा आणि पावती जपायला हवी. आमच्या पावत्या अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत.

आणि हो, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ऑफिसात साधा हेल्थ एफएसए चालू असेल तर तुम्हाला एचएसएत पैसे भरता येत नाहीत. फॉर्म भरण्याआधी घरात विचारून घ्या.