१९७४ची बुलेट गरम झाली की बंद पडते. नवी कॉइल टाकूनही तेच

त्र्यंबकरोडवाला:
नमस्कार मंडळी. अण्णांची (वडिलांची) १९७४ची बुलेट ३५० आहे. पॉइंटवाली (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली), अजून सहा व्होल्टवरच. सकाळी थंड असताना झटक्यात चालू होते. त्र्यंबक रोडने सातपूर ओलांडेपर्यंत कसलीच तक्रार नाही. महिरावणी मागे पडली की मिसिंग सुरू, सायलेन्सरमधून फटके, आणि अंजनेरीच्या अलीकडे गाडी बंद. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. सावलीत तासभर उभी केली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू होते.

प्लग नवा टाकला. कार्बोरेटर साफ केला. दुकानदाराने कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) बदलायला सांगितली, तीही नवी टाकली. त्यानंतर तर गाडी आणखी लवकर बंद पडायला लागली! श्रावणात अण्णांना मागे बसवून त्र्यंबकला न्यायचं मनात आहे. त्यांनी ही गाडी जिवापाड जपली आहे, भर रस्त्यात त्यांना उतरवायचं नाही. कुठून सुरुवात करू?

पंचवटी ३५०:
दादा, आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. त्याचं हवेचं भोक बुजलं तरी थोडं अंतर गेल्यावर गाडी अशीच बंद पडते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, लगेच चालू झाली तर दुखणं तेच.

त्र्यंबकरोडवाला:
बघितलं, भोक मोकळं आहे. बंद पडल्यावर प्लग काढला तर पेट्रोलने ओला निघतो. इंजिनच्या फिन्सला (गार ठेवणाऱ्या पट्ट्यांना) टेकवून किक मारली तर ठिणगी पिवळट आणि मरतुकडी.

सातपूरचा जुना फिटर:
भाऊ, ओला प्लग आणि पिवळी ठिणगी म्हणजे पेट्रोलचा विषय संपला. (ठिणगी बघताना प्लग भोकापासून लांब धरत जा. किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.)

आता नवे पार्ट घेणं थांबवा. तपासायचं मीटर कंपनीने हेडलाइटच्या वरच बसवून दिलंय, त्याच्याकडे बघा. दिवा बंद, चावी चालू, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक हाताने सावकाश फिरवा. पॉइंट मिटले की त्या मीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा, काटा उणे बाजूला गेला पाहिजे, उघडले की शून्यावर आला पाहिजे. काटा हललाच नाही तर बॅटरी ते पॉइंट या वाटेत कुठेतरी खंड आहे: चावीचा स्विच, सैल वायर, नाहीतर काळे पडलेले पॉइंट. काटा एकाच जागी उणे बाजूला चिकटून राहिला तर डिस्ट्रिब्युटरमधल्या (पॉइंट ज्या डबीत असतात ती) पॉइंटच्या बारीक वायरचं आवरण खरचटून ती बॉडीला लागत असते. ती वायर मी हमखास बोटाने चाचपतो. हे सगळं थंड गाडीवर करा आणि अंजनेरीला बंद पडेल तेव्हा तिथेच पुन्हा करा. गरमागरम तपासल्याशिवाय हा आजार सापडत नाही.

काटा किती जातो तेही कळवा. आणि नवी कॉइल किती व्होल्टची आहे ते वाचा. सहाच्या कॉइलच्या प्रायमरीचा (बॅटरीकडच्या गुंडाळीचा) रोध दोन ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तीन अँपिअर तरी ओढले जातात. बाराची कॉइल साडेतीन ओहमच्या आसपास. ती सहा व्होल्टवर लावली की करंट जवळपास निम्मा. त्यात तांबं गरम झालं की रोध आणखी वाढतो, पन्नास अंशांना साधारण वीस टक्के. थंड असताना कशीबशी भागवते, गरम झाली की संपली.

गंगापूर रोड:
काका, एवढं करण्यापेक्षा पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट टाकलं तर?

सातपूरचा जुना फिटर:
ज्यांना हवं त्यांनी जरूर टाकावं. पण पॉइंट रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपरने घासता येतात आणि गाडी घरी येते. किट गेलं तर गाडी टेम्पोत घालावी लागते. आणि मुळात वायरिंग अशक्त असेल तर किटसुद्धा दगा देणारच.

त्र्यंबकरोडवाला:
काका, कॉइलच्या बुडाशी बारीक अक्षरात बारा व्होल्ट लिहिलंय! काटा जेमतेम दीडपर्यंत जात होता. जुनी कॉइल मोजली, दोन ओहमला थोडी कमी भरली, म्हणून तीच परत लावली. आता काटा तीनच्या पुढे जातो. गाडी महिरावणीच्या बरीच पुढे गेली, पण शेवटी पुन्हा बंद. तिथेच डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडून पाहिले, तर मध्ये चांगली जाड निळी ठिणगी उडते. एका पॉइंटवर खड्डा, समोरच्यावर टोक आलंय.

सातपूरचा जुना फिटर:
कंडेन्सर गेला. मूळ आजार हाच, कॉइल उगाच बदलली गेली. पॉइंट उघडताना करंट ज्याने पोटात घ्यायचा तो कंडेन्सर काम करत नाही, म्हणून ती ऊर्जा पॉइंटवरच जळते आणि प्लगला काही उरत नाही. डिस्ट्रिब्युटर सिलिंडरच्या मागेच असल्यामुळे उभ्या गाडीत त्याला जास्तच धग लागते. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा नवा घ्या आणि टाकीखाली कॉइलपाशी बसवा. वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, बॉडी रंग खरवडून चॅसीला पक्की अर्थ. विजेच्या हिशोबाने जागा तीच, फक्त धगीपासून लांब. जुना तिथून काढून टाका.

पॉइंटही नवे टाका आणि बसवण्याआधी पेट्रोलच्या फडक्याने पुसा, त्यांच्यावर तेलाचा थर असतो.

त्र्यंबकरोडवाला:
दोन्ही बदललं. काल भर दुपारी त्र्यंबकला जाऊन आलो, देवळाजवळ उभी करून लगेच किक मारली, चालू! मनापासून आभार. फक्त चढाला थोडी जड वाटते.

सातपूरचा जुना फिटर:
छान झालं. नवे पॉइंट बसले की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलतं, म्हणून जड वाटत असेल. आधी फीलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटमधली गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करा, टायमिंग त्यानंतर. क्रम उलटा केला तर दोन्ही चुकतं. पिस्टन वर यायच्या ०.८ मिमी आधी अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर यायला हवा. बॉब वेटच्या (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या) स्प्रिंगा ढिल्या नाहीत ना तेही त्याच वेळी बघा आणि कॅमच्या फेल्टला तेलाचा एकच थेंब द्या, जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं.

अण्णांना माझा नमस्कार सांगा.