सफर सुरू होण्याआधीचे शहरातले दिवस : बडोदेकर सायकलवाल्यांचे अनुभव

यंदा दिवाळीनंतर आपल्यातले बरेच जण सायकल घेऊन परदेशी निघणार आहेत. रविवारी कमाटीबागेपाशी भेटलो की मार्ग, चढ, रोजचे किलोमीटर यांवर तासभर बोलणं होतं. पण विमानातून उतरल्यापासून खरी सफर सुरू होईपर्यंत जे दोन-चार दिवस एखाद्या अफाट शहरात काढावे लागतात, त्यांचा विषय कुणी काढत नाही. माझं ठाम मत आहे की पुढचा पंधरवडा कसा जाणार हे तिथेच ठरतं. म्हणून हा धागा. हॉटेलांच्या याद्या नकोत. तुम्ही काय केलंत आणि पुढे काय कामाला आलं, तेवढं लिहा. वर नावाच्या जागी आपली बडोद्यातली वस्ती आणि कंसात परदेशातलं शहर टाका. सुरुवात मीच करतो.

दांडिया बाजार (हनोई)

नोई बाई विमानतळ शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. सायकल भरलेला खोका घेऊन सरळ मोठी गाडी करावी, तिथून सायकल जोडून निघण्याचा मोह टाळावा. व्हिएतनाममध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. हे आपल्याला माहीत असतं, पण मानेला माहीत नसतं. चौकात मान आपसूक चुकीच्या बाजूला वळते. ती सवय मोडायला मी सकाळी पाचला होआन कीम तळ्याभोवती सायकल फिरवत असे. त्या वेळी तिथे आजी-आजोबांचे व्यायामाचे घोळके असतात, गाड्या तुरळक. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. त्या वारांना पोहोचणार असाल तर हे लक्षात घ्या.

जुन्या शहरात रस्ता ओलांडायची रीत पायीच शिकावी. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. एका संथ चालीने, न थबकता, मागे न सरकता जायचं, ते तुम्हाला वळसा घालून निघतात. मधेच दचकून थांबलात तर त्यांचा अंदाज चुकतो. सायकलवरही हाच नियम. वेग सारखा ठेवा, अचानक ब्रेक नको.

आणि लाँग बिएन पूल. १८९९ ते १९०२ मध्ये फ्रेंचांनी तांबड्या नदीवर बांधलेला. मधे रेल्वेचा रूळ, दोन्ही कडांना दुचाकींच्या अरुंद मार्गिका. गंमत अशी की एवढ्या एका पुलावर वाहनं डाव्या बाजूने जातात. सकाळभर उजवीकडे चालवायला घटवलेलं डोकं तिथे पुन्हा फिरवावं लागतं. पुलावर चढण्याआधी बाजूला थांबून पाच मिनिटं नुसती ये-जा बघावी, मग शिरावं. मला त्या पुलाने जेवढा आत्मविश्वास दिला तेवढा कुठल्याच सरावाने दिला नाही.

मांजलपूर (हनोई)

दादांनी रस्त्याचं लिहिलं, मी पोटाचं लिहिते. आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी. तिथे भाजीच्या पदार्थातही माशाचं पाणी पडतं, ‘न्वोक माम’ म्हणतात त्याला. म्हणून हॉटेलच्या मुलीकडून ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी, हे त्यांच्या लिपीत एका कार्डावर लिहून घेतलं, खाली मासळीचं पाणीही नको म्हणून. पुढे खेड्यापाड्यांत ते कार्ड पासपोर्टाइतकं जपलं. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत. त्यामुळे पौर्णिमेच्या सुमारास शहरात असाल तर चांगलं शाकाहारी जेवण सहज मिळतं. पंचांग बघून तिकीट काढा असं मी मनापासून सांगेन.

दुसरं, नोटा. वीस हजार डाँग आणि पाच लाख डाँग, दोन्ही निळ्या. उन्हात, घामेजल्या हातांनी पैसे देताना फरक कळत नाही. मी शहरातच दोन वेगळ्या पाकिटांत विभागून ठेवल्या. थेपले भरपूर न्या, पण शहरात संपवू नका. ते डोंगरातल्या सकाळींसाठी आहेत.

अलकापुरी (बँकॉक)

थायलंडमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न उकाड्याचा. आपण बडोद्याचा मे काढलेली माणसं, म्हणून ऊन काय नवं असं वाटतं. पण तिथली हवा ओली असते, घाम वाळतच नाही. शरीराला ते पटायला दोन-तीन दिवस लागतातच. ते दिवस खोलीत एसी लावून घालवू नयेत.

मी ख्लाँग तोईच्या धक्क्यावरून होडीने चाओ फ्राया ओलांडून बांग क्राचाओला जात असे. नदीच्या वळणाने वेढलेला हिरवागार भाग आहे तो. पलीकडे भाड्याची सायकल मिळते, त्यामुळे आपली खोक्यातून काढायचीही गरज नाही. दलदलीवरून सिमेंटच्या उंच, अरुंद पायवाटा जातात, कित्येक ठिकाणी कठडा नाही. समोरून कुणी आलं की एकाने उतरून अंग चोरायचं. तिथल्या एका आजींनी भाजीची टोपली लावलेली सायकल इतक्या सहज माझ्या बाजूने काढली की मी बघतच राहिलो. त्या वाटांवर हँडल हलकं धरायला शिकलो.

जोडलेली सायकल तपासायची असेल तर सुवर्णभूमी विमानतळाजवळचा सायकलमार्ग बघा. २३.५ किलोमीटरचा, एकही मोटार नाही. सामानाच्या पिशव्या लावून तिथे एक फेरी मारली की कॅरियरचा कुठला स्क्रू ढिला आहे ते घाटात कळण्याऐवजी तिथेच कळतं.

रावपुरा (बँकॉक)

एवढंच जोडतो : ओआरएसची पाकिटं इथूनच न्या आणि पहिल्या दिवसापासून घ्या. तहान लागायची वाट बघू नका.

कारेलीबाग (काठमांडू)

मी विमानाने सायकल नेऊन पुढे पोखऱ्याकडे गेलो. काठमांडू साधारण १,४०० मीटरवर, त्यामुळे उंचीचा त्रास असा नाही, पण धूळ जबर. मास्क न्याच. मोबाइलचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे जातं ते बघून घ्या. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा ठरलेला दर आहे. शंभरच्या नोटा जवळ ठेवा, मी गेलो तेव्हा मोठ्या नोटांना लोक नाही म्हणायचे. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड.

थामेलच्या गल्ल्यांत नुसती सायकल ढकलत फिरलो तरी चालतं. एक दिवस मात्र नगरकोटला द्यावा. चढ पाय तपासून देतो, आणि सामान किती जास्त घेतलंय ते पहिल्या तासात समजतं. मी परतून अर्धे कपडे हॉटेलात ठेवले.

सयाजीगंज (तैपेई)

आम्ही तैवानला बेटाची प्रदक्षिणा करायला गेलो होतो. तैपेईत २००९पासून यूबाइक नावाची सार्वजनिक भाड्याची सायकल आहे. प्रवासी कार्ड टेकवा आणि घेऊन जा. तेच कार्ड मेट्रोला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही चालतं. नदीकाठच्या सायकलवाटा तर स्वर्ग. तिथेही वाहतूक उजवी, पण काठावर गाड्याच नसल्याने डोकं आरामात बदलतं. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठी असं काही व्हावं हे मनात येऊन जीव तुटला, खरंच.

फतेगंज

मी पहिल्यांदाच जाणार आहे. खोक्याबद्दल कुणी सांगाल का? पंप हातसामानात चालतो का? आणि उतरल्यावर खोक्याचं काय करायचं?

दांडिया बाजार

बेटा, पंप आणि पान्हे खोक्यात टाक, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र हातसामानातच, त्या चेक-इनला घेत नाहीत. टायरची हवा थोडी कमी कर, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, खोलून फोमात गुंडाळ, पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, प्लास्टिकचा अडसर बसव, म्हणजे दाबाने तो चेपणार नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घरीच दोनदा काढून-बसवून बघ. परतीचं विमान त्याच शहरातून असेल तर हॉटेलवाले खोका ठेवतात, पण जाण्याआधी निरोप पाठवून विचार. दुसऱ्या शहरातून असेल तर तिथल्या सायकलच्या दुकानात रिकामा खोका मिळतो. शनिवारी संध्याकाळी घरी ये, माझा खोका आहे, त्यात भरून बघू.