लोकलमधलं उभं राहणं 150 मिनिटांत धरायचं का?

गोरेगावकरीण:
वय 47, ऑफिस नरिमन पॉइंटला. परवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 6.1 आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हवाच. सकाळी डबे, मग चर्चगेट स्लोमध्ये तासभर उभी, स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी, दिवसभर खुर्ची. घरी येईपर्यंत अंग मोडून गेलेलं असतं. एवढी दगदग व्यायामात धरत नाहीत का? जिमला वेळ कुठून काढू?

परळची_फिजिओ:
ताई, तुमचं दमणं खरं आहे, पण लोकलमधलं उभं राहणं धरता येत नाही. बसण्यापेक्षा त्यात थोडीच जास्त ऊर्जा लागते, श्वास वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम सांगितला. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप. त्या जोरात लादी पुसली तर तीही धरा.

पूर्वी निदान 10 मिनिटं सलग हवीत अशी अट होती. ती आता नाही, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईसाठी हे फार मोलाचं आहे. तुमची शेअर टॅक्सी सोडा. चर्चगेटहून ऑफिस झपझप चालत पंधरा मिनिटांवर असेल, तर जाता-येता पाच दिवसांत 150 मिनिटं तिथेच भरली. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि नंतरही काही तास इन्सुलिनला चांगली दाद देतात. 6.1 ला हे अगदी वेळेवर आहे.

आणि ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोन दिवस तरी. माझ्याकडे येणाऱ्या बायका चालायला लगेच तयार होतात, हे मात्र टाळतात. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात ठेवून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. जिम लागत नाही. चालताना छातीत दाब आला, तर मात्र थांबून आधी डॉक्टर.

निवृत्त_वाहक:
मी डबलडेकरवर कंडक्टर होतो, दिवसभर वर-खाली. लंडनमध्ये जेरी मॉरिस या संशोधक डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं होतं, 1953 साली. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पगार, घरची परिस्थिती साधारण सारखीच. निवृत्तीनंतर माझे जिने सुटले, म्हणून आता बिल्डिंगची लिफ्ट वापरत नाही. आमच्या वयाला, म्हणजे 65 नंतर, तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करायला सांगतात.

डोंबिवली_फास्ट:
सगळं पटतं, पण चालायचं कुठे? आमच्या स्टेशनरोडला फुटपाथवर टपऱ्या, खाली उतरलं की रिक्षा अंगावर. अंधार पडला की एकटीने बाहेर पडावंसं वाटत नाही. दर वेळी आपल्यालाच आळशी ठरवतात.

परळची_फिजिओ:
आळशी अजिबात नाही. 2022 च्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे हालत नाहीत, पुरुषांत 42 टक्के आणि बायकांत 57. 2000 साली हा आकडा एकूण 22 च्या आसपास होता. दोन दशकांत एवढी माणसं एकदम आळशी झाली, हे मला पटत नाही. कामं खुर्चीवर आली, मैदानं गेली, आणि घरचं सगळं बाईच्याच अंगावर राहिलं. धड फुटपाथ आणि रस्त्यावर दिवे हीसुद्धा मधुमेहाची उपाययोजना आहे. वॉर्डात तक्रार करताना हे लिहा, चारजणींच्या सह्या घ्या. तोवर बिल्डिंगचा जिना आणि गच्ची तरी हातची सोडू नका.

गोरेगावकरीण:
टॅक्सी सोमवारपासून बंद. पण पावसाळ्यात काय करू? ओल्या कपड्यांत ऑफिसात बसता येत नाही.

परळची_फिजिओ:
जोराच्या पावसाच्या दिवशी टॅक्सी घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. ऑफिसात जेवणानंतर पाचेक मिनिटं जिना चढ-उतर करा, दुपारच्या चहानंतर पुन्हा. दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडा. राहिलेली मिनिटं शनिवार-रविवारी भरून काढा, आठवड्याची बेरीज जमली की झालं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि आकडा इथे नक्की कळवा.