'परमेश्वरावर भाव ठेव' म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

कृष्णाकाठ (मिरज):
चर्चच्या रविवारच्या शाळेत माझ्याकडे दहा-बारा वर्षांची पोरं आहेत. या महिन्याचा धडा इंग्रजीतून आलाय. त्यात फेथ आणि ट्रस्ट वेगळे धरलेत. एक म्हणजे मनानं मानणं, दुसरं म्हणजे त्यावर पाय रोवून उभं राहणं. मी दोन्हीकडे 'विश्वास' लिहिलं आणि वाक्य झालं, 'नुसता विश्वास पुरत नाही, विश्वास ठेवावा लागतो.' 'ट्रस्ट' तसाच ठेवावा तर आमच्याकडे ट्रस्ट म्हणजे मंडळीची (चर्चची) जमीन आणि तिची कोर्टातली पुढची तारीख.

मग घरातलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. नीतिसूत्रे 3:5, 'तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव.' म्हटलं, सापडला शब्द! वर्गात वाचला, तर ज्याचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात आहेत तो पोरगा विचारतो, "टीचर, देवाचा भाव कोण काढतं?" पुढं धडा झालाच नाही. ट्रस्टला 'भरवसा' चालेल का?

अर्धाकोश (वाई):
चालेल, पण जपून. बोलण्यात भरवसा बहुतेक 'नाही' घेऊनच येतो. पावसाचा काय भरवसा, एसटीचा भरवसा नाही, त्याच्या शब्दाला भरवसा नाही. आणि चुकून नकाराशिवाय आलाच, तर भरवशाच्या म्हशीला टोणगा. तुमची पोरं म्हशीपाशीच थांबतील.

कृष्णाकाठ:
पण काका, इब्री लोकांस पत्र 11:1 बघा. 'विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.' इथं विश्वासाचा अर्थच भरवशानं सांगितलाय. तिथं म्हैस कुणाला आठवत नाही.

शुद्धमती:
मुळात विश्वास, भरवसा, भाव ही ओढाताण हवी कशाला? 'श्रद्धा' हा सरळ शब्द आहे. तुमच्या मंडळींत 'विश्वासी' असंही ऐकते, ते तर मराठीच नव्हे, हिंदीतून उचललेलं. आपल्याकडे विश्वासू असतो. आणि 'खातरी' नव्हे, 'खात्री'.

कृष्णाकाठ:
ताई, विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा तो. विश्वासी म्हणजे जो विश्वास धरतो तो. घरगडी विश्वासू असतो म्हणून विश्वासी असेलच असं नाही, आणि उलटंही (हे अनुभवानं सांगते). हा फरक आम्हाला रोज लागतो. श्रद्धेचं म्हणाल तर आमच्याकडे ती कुणी 'टाकत' नाही. विश्वास टाकता येतो, भार टाकता येतो. माझी आजी आजाऱ्याच्या उशाशी बसून एवढंच म्हणायची, "भाव धर लेकरा, भाव धर." तिला दर कधी आठवला नसेल.

कंदीपेढा (सातारा):
आजीचं बरोबर आहे. देव भावाचा भुकेला, हे आमच्या घरात माळ घातलेले आजोबा म्हणायचे. शब्द एकच. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक 1917 मध्ये साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' मांडला, तो अशाच देशी बोलीत ख्रिस्त सांगायला. भाव टाकून भरवसा घेणं म्हणजे घरचं सोनं मोडून पितळ घेणं.

अर्धाकोश:
खात्री असो की खातरी, आली ती अरबी 'खातिर'वरून. आता तीही काढायची का? गंमत पुढं आहे. हिब्रूत विश्वासाला 'एमुना' म्हणतात. आपलं 'आमेन' त्याच धातूचं, आणि अरबीतून आलेलं 'इमान' त्याच कुळातलं. निर्गम 17:12 मध्ये अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात भरून आले. त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते हात तोलून धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. तिथल्या 'स्थिर'ला मूळ शब्द एमुनाच आहे. म्हणजे मानणं राहिलं बाजूला, मूळ अर्थ न ढळण्याचा. माझं मत 'इमान'ला.

शुद्धमती:
इमान कुत्र्याचं असतं.

अडत्या (सांगली):
शब्दाचं मला कळत नाही, 'न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी' वाचून हरिपूर आठवलं. तिथल्या पेवांत हळद ठेवायचो. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जाईल एवढंच, वरून माती सारून बंद. माल दिसत नाही, हात लावता येत नाही, वर उभं राहिलं तर नुसतं रान. तरी निवांत झोप लागायची. याला आम्ही भरवसाच म्हणायचो, नकार न लावता. काढायच्या वेळी तोंड उघडून बराच वेळ ठेवायचं, आधी कंदील खाली सोडायचा. विझला तर आत वारं नाही, उतरायचं नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवंच्या पेवं गेली. देवाचा भाव काढणाऱ्या पोराला हे सांगा, त्याच्या वडलांना सगळं माहीत असेल.

कंदीपेढा:
म्हणजे 'पेव फुटणे' हळदीवरून आलं?

अर्धाकोश:
धान्यावरून. धान्याची पेवं गावोगाव होती, हळद हा तुमचा सांगलीचा थाट.

अडत्या:
पेव फुटत नसतं साहेब, खचतं. फुटतं म्हणणाऱ्यानं पेव बघितलेलं नाही.

कृष्णाकाठ:
अहो, रविवार परवावर आलाय. भाव, भरवसा की इमान?

शुद्धमती:
आधी हे सांगा, 'पेवं' की 'पेवे'?