मदत हवी आहे: ‘च’चा नियम सांगा, लवकर

अडकित्ता: ‘च’चे दोन उच्चार आहेत ना, कुठे कोणता याचा नियम सांगा. उद्या सकाळपर्यंत हवाय. इतिहास नको, फक्त नियम.

जुनीवही: कशासाठी? कुणाला शिकवताय? शब्द कोणता?

अडकित्ता: सगळेच. नियम म्हटला की सगळ्यांना लागू ना!

नुक्ताराम: नियम सोडा, टिंब द्या. च़ाक, च़ोर, ज़मीन. मी कायम असंच लिहितो. युनिकोडमध्ये ज़ तयार मिळतो, च़ला मात्र च पुढे नुक्ता, म्हणजे हे टिंब, जोडावा लागतो.

कोल्हा: अहो, टिंब कुठे द्यायचं हे कळायलाच तर नियम हवाय.

मधलीसुट्टी: च राहू द्या, आधी ‘पानी’ म्हणणाऱ्यांना ‘ण’ शिकवा.

अडकित्ता: ऑफिसातला एक जण मराठी शिकतोय. त्याला ‘चार चाकं’ म्हणून दाखवलं. म्हणाला, दोन्हीकडे ‘चा’च, मग आवाज दोन कसे? मी गप्प. मातृभाषा तेलुगू, पण त्याचा इथे काय संबंध.

जुनीवही: संबंध तोच आहे! तेलुगूतही हे दोन्ही च आहेत. ‘चाप’ म्हणजे चटई, तिथे जीभ दातांमागे लागते, तो दंततालव्य. ‘चेप्पु’ म्हणजे सांग, तिथे टाळूला, तो तालव्य. म्हणून तर त्याने नेमकं आकारावर बोट ठेवलं. इ, ई, ए, य पुढे असले की साधारणपणे तालव्य: चिमणी, चेहरा. ज-झचंही तसंच, म्हणूनच ‘माझा’ एक आणि ‘माझी’, ‘माझ्या’ वेगळे. अ, आ, उ, ओ आले की दोन्ही शक्य. बरेचसे संस्कृत शब्द तालव्य: चंद्र, चरण. ‘हे जग’ तालव्य, ‘तू जग’ दंततालव्य. छ ला ही भानगडच नाही.

कोल्हा: चोर संस्कृतच की. तो का नाही तालव्य?

जुनीवही: रोजच्या तोंडी रुळलेले शब्द संस्कृतचं सोवळं पाळत नाहीत.

कोल्हा: आणि चार? तो तर चांगलाच रुळलाय.

जुनीवही: जुन्या कागदांत ‘च्यार’ असं लिहिलेलं सापडतं. तो य लिहिण्यातून गेला, उच्चारात राहिला. ‘गुरांना चारा चार’ मधला चार मात्र चाकासारखाच.

नुक्ताराम: म्हणजे पाठच करायचं. टिंब दिलं असतं तर…

अडकित्ता: आज त्याला चाप-चेप्पु विचारलं. म्हणाला, त्यात काय एवढं! मग चिमणी, चाक, चेहरा, चोर सगळं एका दमात बरोबर. चार, चहा आणि जग तेवढे वहीत लिहून घेतले. आता विचारतोय, ‘जरा’ कुठला?

जुनीवही: थोडंसं, की म्हातारपण?

अडकित्ता: ते विचारायचं राहिलं.

मधलीसुट्टी: ‘ण’चं कुणी काही बोललंच नाही.