मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्डचा 'डायनिंग प्लॅन' घ्यावा का? सहा माणसं, त्यात चार शाकाहारी

एडिसनचा_भाडेकरू | २६ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात ऑर्लंडोला चाललोय. आई-बाबा तासगावहून आलेत. दिवाळी आमच्याकडे करायची आणि मग डिस्ने, असा बेत. न्यू जर्सीकरांना तारखा सांगायला नकोत: शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी, म्हणजे तो सुप्रसिद्ध 'जर्सी वीक'. ६ ला पोचणार, ११ ला निघणार. १२ ला कार्तिकी एकादशी आहे आणि ती घरीच होणार, हे आईने तिकिटं काढायच्या आधीच बजावलंय.

माणसं: मी, बायको, आई, बाबा, मुलगी (११) आणि मुलगा (६). मी आणि मुलगा सोडून बाकी चौघं शाकाहारी, आई-बाबांना अंडंही चालत नाही. आईचा गुरुवार असतो, आणि तो नेमका ७ तारखेला आलाय. दारू कोणी घेत नाही. (मी घेतो, पण बाबांसमोर नाही.) डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात, पाच रात्री.

आता प्रश्न डायनिंग प्लॅनचा, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून टाकण्याचा. २०२० मध्ये बंद झालेला हा प्लॅन यंदा, २०२४ च्या ९ जानेवारीपासून परत सुरू झालाय, म्हणून शोधताना सापडणारे बहुतेक हिशेब जुने निघतात. दोन प्रकार आहेत. 'क्विक सर्व्हिस'मध्ये दर रात्रीमागे माणशी दोन काउंटरवरची जेवणं आणि एक स्नॅक. २०२४ चा दर मोठ्यांना ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३. दुसऱ्या, मोठ्या प्लॅनमध्ये एक टेबलावर बसून जेवण, एक काउंटरवरचं, एक स्नॅक. २०२४ चा दर मोठ्यांना ९४.२८, मुलांना २९.६९. दोन्हींत प्रत्येकाला हॉटेलवर परत परत भरून घ्यायचा एक मग मिळतो.

आमची ११ वर्षांची कन्या मोठ्यांत धरली जाते. म्हणजे पाच मोठे, एक लहान. पाच रात्रींचा छोटा प्लॅन १५४४ डॉलर ४० सेंट, मोठा २५०५ डॉलर ४५ सेंट. दुसरा आकडा बाबांनी ताबडतोब ८४ ने गुणला आणि "दोन लाख दहा हजार" एवढंच बोलून ते बाल्कनीत गेले.

गंमत म्हणजे प्लॅन हवाय तो बाबांनाच. त्यांचा सगळा प्रवास 'चहा-नाश्ता-जेवणासकट'वाल्या सहलींमधून झालेला. एकदा पैसे भरले की माणूस मोकळा, हे त्यांचं तत्त्व. आणि खरं सांगायचं तर माझाही कल आईमुळे तिकडेच आहे. गेल्या महिन्यात नायगाऱ्याला गेलो होतो. आईने फळ्यावर किंमत वाचली, मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाली, "मला काही भूक नाही." दिवसभर पर्समधल्या राजगिऱ्याच्या लाडवावर काढला. आधीच पैसे भरलेले असतील तर ती निदान जेवेल तरी.

तर, शाकाहारी माणसांना हा प्लॅन वसूल होतो का? आणि एका खोलीला घेतला, दुसरीला नाही, असं करता येतं का?

---

पुणे_३०

पाच दिवसांच्या जेवणाला दोन लाख? तेवढ्यात आमचं अख्खं कोकण होतं, माशांसकट.

---

खमंग_काकडी

आम्ही एप्रिलमध्ये क्विक सर्व्हिसवाला घेतला होता. दोघं आम्ही, दोघं मुलं (४ आणि ८). मी घरी आल्यावर पावत्या घेऊन बसले होते, म्हणून अंदाजाने बोलत नाही.

मोठ्या माणसाचं बघा. काउंटरवर एक बर्गर किंवा बोल १३-१४ डॉलर, पेय साडेचार-पाच, वर कर. एकूण १९ धरा. दोन जेवणांचे ३८, स्नॅकचे सहा-साडेसहा. मगाची किंमत पाच दिवसांवर वाटली तर रोजचे चार-साडेचार. झाले ४९. तुम्ही भरणार ५७. म्हणजे रोज माणशी आठ डॉलर जास्त, आणि तेही प्रत्येक जेवणाला सोडा घेतलात तर. आई-बाबा सोडा पिणार आहेत का? काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, आमच्या सासूबाई तेच मागायच्या. "विदाऊट आईस" हे दोन शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी पाठ केले.

प्लॅनमध्ये मोठ्यांच्या पेयात बिअर-कॉकटेल चालतं. तिथे तो वसूल होतो. बाबांसमोर तुमची ती वाट बंद आहे :-)

मुलांचा प्लॅन मात्र खरोखर स्वस्त. दोन जेवणं, स्नॅक आणि तो 'मग', सगळं मिळून २३.८३ च्या वरच जातं. पण फक्त मुलांचा घेता येत नाही. एका बुकिंगमधल्या सगळ्यांना तोच प्लॅन घ्यावा लागतो. खोल्यांची बुकिंगं वेगवेगळी असतील तर एकीला घेऊन दुसरीला नाही, हे जमतं.

---

एडिसनचा_भाडेकरू

धन्यवाद काकडीताई. म्हणजे आमच्या खोलीला घ्यायचा आणि आई-बाबांच्या नाही, असं केलं तरी एका मुलाच्या फायद्यासाठी तीन 'मोठ्यां'चा तोटा सोसायचा. कन्येला सांगितलं, तू डिस्नेच्या लेखी मोठी आहेस. ती खूश झाली. बाप नाही झाला.

---

डोनाल्ड_डोंबिवलीकर

मी उलट बाजूने बोलतो. मोठा प्लॅन वाईट नाही, फक्त तो एकाच पद्धतीने वापरावा लागतो. रोजचं टेबलाचं क्रेडिट (प्लॅनमधल्या एका जेवणाचा हक्क म्हणजे एक क्रेडिट) कॅरॅक्टर जेवणावर खर्च करायचं. मिकी, गूफी मंडळी टेबलापाशी येतात, फोटो, सह्या. अशी जेवणं मोठ्यांना साधारण ५५ ते ६५ डॉलर पडतात, मुलांना ३५-४०. म्हणजे मुलाचा पूर्ण दिवसाचा प्लॅन २९.६९, आणि त्याचं एकच जेवण त्याहून महाग! मोठ्यांचंही जेमतेम बरोबरीत सुटतं. तेच टेबलाचं क्रेडिट साध्या रेस्टॉरंटमध्ये पनीर किंवा पास्त्यावर उडवलंत तर माणशी वीसेक डॉलर पाण्यात.

'सिग्नेचर' म्हणवणाऱ्या भारी जागी एका जेवणाला दोन क्रेडिटं कापतात, तिकडे जाऊ नका. आणि उरलेली क्रेडिटं निघायच्या दिवशी मध्यरात्री बाद होतात. शेवटच्या संध्याकाळी हॉटेलच्या दुकानात आम्ही स्नॅकच्या क्रेडिटांवर पुडेच्या पुडे उचलत होतो, दादरच्या सेलमध्ये शिरल्यासारखे.

---

टाम्पाची_आत्या

मी दीड तासावर राहते आणि वर्षाचा पास आहे, त्यामुळे भाचे-पुतणे, त्यांचे सासू-सासरे असे सगळे नमुने तिथे जेवू घातलेत. डोंबिवलीकरांचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली. टिप प्लॅनमध्ये नाही. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलात आपोआप लागते, आणि ती मूळ किमतीवर. तुम्ही नेमके सहा आहात. सहा जणांचं एक कॅरॅक्टर जेवण म्हणजे टिपेचेच साठ डॉलर. रोज एक म्हटलं तर तीनशे. अडीच हजाराचा प्लॅन असा अठ्ठावीसशेला जातो.

आणि रोज बफे कोण खाणार? त्यातून गुरुवारचा उपास. त्या दिवशीची सगळी क्रेडिटं आई फ्राईज आणि केळ्यांवर वसूल करणार का? क्रेडिटं एकत्र जमा असतात, तुम्ही इतर कोणी वापराल, हे खरं. पण मग तुम्ही भूक नसताना खाल. प्लॅन घेतलेल्या पाहुण्यांचं मी हेच पाहिलंय: दुपारी चारला कोणी तरी म्हणतं, "अरे, स्नॅक राहिलाय," आणि सगळे पोट धरून रांगेत.

शाकाहाराची काळजी करू नका. डिस्नेने २०१९ पासून मेनूवर प्राणिजन्य काहीच नसलेल्या पदार्थांना पानाचं चिन्ह लावायला सुरुवात केली. आई-बाबांना अंडं नको, तर पान शोधा, प्रश्न संपला. डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कातल्या सातुली कँटीनमध्ये टोफूचा बोल मिळतो, मॅजिक किंगडम पार्कात डोल व्हिप हे अननसाचं आइस्क्रीम. त्यात दूधही नसतं आणि आमच्या सासऱ्यांनी त्याला "आपल्या महाबळेश्वरच्या जवळ जातं" असं प्रमाणपत्र दिलंय. पदार्थ ॲपवरून आधीच मागवून ठेवायचा, काउंटरवर रांग नको.

दोन जागा सांगते. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातलं 'सना' रेस्टॉरंट. तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे पाच प्रकारच्या आपल्या रोट्या-नान आणि सोबत नऊ चटण्या-रायती. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. एक थाळी आम्हा चौघांना पुरली. पण मेनूत ती जेवणाआधीच्या पदार्थांत येते आणि ते प्लॅनमध्ये बसत नाहीत. म्हणजे तुमच्या आई-बाबांना सगळ्यात आवडेल असं जे आहे, तेच प्लॅनवर मिळणार नाही.

दुसरी, एपकॉट पार्कातलं गार्डन ग्रिल. मिकी, चिप आणि डेल टेबलावर येतात, सगळं मधे ठेवून वाढतात आणि सांगितलं तर शाकाहारी वेगळं आणतात. अख्खं रेस्टॉरंट हळूहळू फिरतं. खाली 'लिव्हिंग विथ द लँड'ची होडी जाते, ती पुढे खऱ्या हरितगृहांमधून नेते. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, टांगते वेल. तासगावचे आहात म्हणता, म्हणजे द्राक्षबाग असणार. बाबांना त्या होडीत दोनदा बसवा.

दिवाळी नुकतीच झालेली असेल ना? फराळ न्या. स्वतःपुरतं बाहेरचं खाणं पार्कात चालतं, फक्त काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत. चकली, चिवडा, शंकरपाळी डब्यात भरा. सकाळचं खोलीतच उरका. पॉपच्या खोलीत फ्रीज आहे, मायक्रोवेव्ह नाही, तो खाली फूड कोर्टात आहे. गरम पाणी घालायच्या उपम्याची पाकिटं, दूध, केळी.

माझा हिशेब: फराळ आणि उपम्यावर सकाळ. काउंटरवर सहा जणांत चार मोठी ताटं आणि एक छोटं, कारण आई-बाबांना मिळून एक पुरतं. एका वेळचे ६५-७०, अशी आठ जेवणं. दोन कॅरॅक्टर जेवणं करापासून टिपेपर्यंत धरून आठशे-सव्वाआठशे. स्नॅकला दीडशे. सगळं मिळून दीड हजार, म्हणजे छोट्या प्लॅनच्या पैशांत मिकीसोबत दोनदा जेवून याल.

---

लंडनची_लवंग

पॅरिसच्या डिस्नेलँडला हाफ बोर्ड, फुल बोर्ड असे प्लॅन असतात. आम्ही हाफ घेतला होता, नाश्ता आणि एक जेवण. तिथे मला बरा वाटला, कारण आजूबाजूला चालत जाऊन स्वस्त जेवण्यासारखं फार नाही. ऑर्लंडोचं गणित वेगळं दिसतंय. आत्या, सनाचं नाव लिहून ठेवलंय.

---

एडिसनचा_भाडेकरू

आत्या, साष्टांग नमस्कार. बायकोने तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावलाय.

पैशांचं पटलं. पण मूळ अडचण तशीच आहे हो. फळ्यावर १४ डॉलर लिहिलेलं आईला दिसणार आणि तिची भूक मरणार. प्लॅन न घेतल्याने हजार वाचले आणि ती पाच दिवस लाडवांवर राहिली, तर काय उपयोग?

---

शेंगदाण्याची_चिक्की

यावर उपाय आहे, आमच्या घरी चाललेला. डिस्नेची गिफ्ट कार्डं. आधीच दीड हजारांची घ्या आणि बाबांच्या हातात द्या. खजिनदार तेच. पार्कात, हॉटेलवर, टेबलावर सगळीकडे चालतात. टार्गेट या दुकानातून, त्या दुकानाच्याच कार्डावर घेतलीत तर पाच टक्के सूटही, म्हणजे पंच्याहत्तर डॉलर तिथेच सुटले. "पैसे कधीच भरलेत, आता न खाल्लं तर वाया जातील," हे वाक्य आईंना सांगायचं. आमच्या आईला 'महाग'पेक्षा 'वाया' हा शब्द जास्त लागतो.

---

टाम्पाची_आत्या

चिक्की, हे मला वीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?

आणि भाडेकरू, टेबलांचं बुकिंग विसरू नका. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचायच्या दिवसाच्या ६० दिवस आधी सगळ्या मुक्कामाचं एकदम करता येतं. प्लॅन असो-नसो, हे करावंच लागतं. जर्सी वीकला गार्डन ग्रिल लगेच भरतं.

---

एडिसनचा_भाडेकरू | १ सप्टेंबर

अपडेट: प्लॅन रद्द. आमच्या खोलीला तरी घ्यावा, असं मुलाचं म्हणणं होतं, कारण त्याला तो 'मग' हवाय. तेवढा सुटा विकत घेणार.

कार्डं आणली. बाबांनी त्यांवर मार्करने 'जेवण' असं लिहून ती पाकिटात ज्येष्ठ नागरिक कार्डाच्या मागे ठेवलीत. वहीही केलीय. पहिल्या पानावर 'जमा: १५००', बाकी कोरं. आईने विचारलं, उरले तर परत मिळतात का? बाबा म्हणाले, नाही, तिथेच खर्चायचे. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं, मी मधे बोललो नाही.

६ नोव्हेंबरच्या साठ दिवस आधी म्हणजे ७ सप्टेंबर. ऑनलाइन बुकिंग सकाळी सहाला उघडतं. त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे आणि प्रतिष्ठापना लवकर उरकायची, असं बाबांचं आधीच ठरलंय. सोवळं नेसून फोन हाताळलेला चालतो का, यासाठी वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

---

पुणे_३०

इथेच विचारा. आणि चकल्या जास्त न्या.