२०११ ची अल्टो, पुणे ते वरोरा, तेही मे महिन्यात. काय काय बघून घेऊ?

वरोरावाला:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात ओळखीतून एक अल्टो एलएक्सआय घेतली. नोव्हेंबर २०११ चं पासिंग, किंमत ८५ हजार. मीटरवर ७८ हजार किमी आहेत, पण मला ते पटत नाहीत, कारण क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालंय.

गाडी माझ्यासाठी नाही, आईसाठी आहे. आईबाबा वरोऱ्याला असतात. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना महिन्यातून दोनदा चंद्रपूरला दाखवायला न्यावं लागतं आणि दर वेळी कुणाची तरी गाडी मागावी लागते. शेवटी आईने गेल्या वर्षी, ५८ व्या वर्षी, लायसन काढलं. आता गाडी हवी म्हणते.

बेत असा: मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी चालवत न्यायची, तिकडेच ठेवायची आणि रेल्वेने परत यायचं. सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. इथल्या एका गॅरेजात दाखवली तर त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची काडी पुसली आणि "बिनधास्त जा" म्हणाला. माझा काही त्यावर विश्वास बसला नाही. बजेट फार तर वीस हजार. कशावर खर्च करू, कशावर नको?

रेल्वेच_बरी:
सातशेहून जास्त किमी, पंधरा वर्षांची गाडी, मे महिना आणि लहान मूल. ट्रकवर चढवून पाठवा आणि तुम्ही आरामात वर्ध्यापर्यंत रेल्वेने जा. एवढंच म्हणतो.

पान्याबहाद्दर:
वरच्यांचं चुकीचं नाही, पण अल्टो अगदीच टाकाऊ समजू नका. ते ७९६ सीसीचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतं ते रबर. टायर, पाण्याचे होज, टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारा पट्टा), पेट्रोलच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश, मागच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधल्या वाट्या. लोक हजारो रुपये घालून ट्यूनिंग करून घेतात आणि पन्नास रुपयांच्या होज क्लिपपायी रस्त्यात बसतात.

सुरुवात टायरपासून. नक्षी नंतर बघा, आधी वय बघा. टायरच्या अंगावर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १७१८ असेल तर २०१८ सालचा सतरावा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला आहेत. जमिनीवर फडकं टाका, आडवे व्हा, मोबाईलचा टॉर्च मारा. सहा वर्षांच्या पुढचा टायर पुण्यात भाजी आणायला चालेल, मे महिन्यात काँक्रीटवर तासन् तास पळवायला नाही. स्टेपनीचाही आकडा बघा, ते सगळे विसरतात. टायर नवे घ्याल तेव्हा व्हॉल्व्हही नवे टाका.

दुसरं पाणी. गाडी रात्रभर उभी असताना, पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत रंगीत कूलंट दिसायला हवं. तांबडं पाणी दिसलं तर मागच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. मग ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे दुधाळ साय असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) तपासल्याशिवाय पुढे खर्च करू नका. होज हाताने दाबून बघा. दगडासारखा कडक नको आणि पावसात भिजलेल्या चपलेसारखा मऊही नको.

मग गाडी सुरू करून एसी बंद ठेवून पार्किंगमध्ये वीस-पंचवीस मिनिटं उभी करा. काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे आणि पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे. एसी लावून ही परीक्षा घेऊ नका, एसी लावला की पंखा तसाही फिरतो, मग काही कळत नाही.

टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल आहे का? नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. मागचा मालक तोंडाने काय सांगतो त्याला अर्थ नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नका. पंधरा-वीस दिवस आधी करा आणि मग दोन-तीनशे किमी फिरवा. एकदा खंबाटकी चढवून आणा. नव्या कामातला ढिला राहिलेला नट पहिल्या शंभर-दोनशे किमीत बोलतो.

घाटवळण:
पान्याबहाद्दर यांच्या यादीत एक भर. स्टेपनी, जॅक, पाना हे डिकीत "आहे" म्हणून सोडू नका. आपल्या पार्किंगमध्ये एकदा चाक काढून परत लावा. मी जुनी झेन घेऊन नाशिकला निघाले होते, रस्त्यात पंक्चर झालं. डिकीतला जॅक दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा निघाला. बसतच नव्हता. टायरवाले नट हवेच्या गनने आवळतात, ते गाडीसोबतच्या छोट्या पान्याने सुटत नाहीत. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा, चार तोंडांचा अधिक चिन्हासारखा पाना स्वस्तात मिळतो.

शिवाय पेट्रोलच्या नळ्या. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०११ च्या गाडीतलं रबर त्या हिशोबाने बनलेलं नाही. सकाळी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर नळी बघितल्याशिवाय हलू नका.

कागदीघोडा:
गाडी नावावर झाली का? फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यात आणि कागद एजंटाकडे पडलेत, ही स्थिती असेल तर आधी तो विषय संपवा. विमाही नावावर करून घ्यायचा, त्याला १४ दिवसांची मुदत असते. पीयूसी बघा. २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणजे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी, बसवलेली हवी.

फास्टॅग जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्याला तो बंद करायला सांगा. एका गाडीला एकच टॅग, त्यामुळे जुना चालू असेपर्यंत तुम्हाला नवा मिळत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट.

आणि नोव्हेंबरात या गाडीची १५ वर्षं भरतात. म्हणजे पुनर्नोंदणी आणि वर पर्यावरण कर. तो खर्च आईच्या अंगावर येऊ देऊ नका.

येळाकेळी_एक्झिट:
मी वर्ध्याचा. भाऊ, तुमाले एकच सांगतो, दुपारी बारा ते पाच गाडी रस्त्यावर आणूच नोका. इथं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री म्हणजे काही विशेष नाही. डांबर वितळते तं तुमचं रबर काय चीज आहे.

पुण्याहून एका दमात येऊ नोका. पहिल्या दिवशी संध्याकाळी निघा, नगर करत रात्री संभाजीनगरले मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे चारले समृद्धीवर चढा. ऐंशीनं चाललं तरी नऊ-साडेनऊले वर्धा. येळाकेळीले उतरा, मंग हिंगणघाट, जांब, वरोरा. जेवाले घरी. वर्ध्यातून गोरसपाक बिस्किटं घेतल्याशिवाय पुढं गेले तं आई घरात घेणार नाही.

पान्याबहाद्दर:
मुक्कामाचा सल्ला सोन्यासारखा आहे. पण मी समृद्धीऐवजी जुन्या रस्त्याने जाईन. जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, पुलगाव. वेळ जास्त लागेल, पण दर पंधरा-वीस किमीवर गाव आहे, आणि अल्टो दुरुस्त न करता येणारा मेकॅनिक महाराष्ट्रात जन्मायचाय. समृद्धीवर गाडी बंद पडली की कुंपणाच्या आत तुम्ही आणि ऊन.

येळाकेळी_एक्झिट:
त्या रस्त्यावरच्या गावागावातले स्पीडब्रेकर, ट्रॅक्टर, लग्नाच्या वराती मोजल्या काय? लहान पोरगी हाय सोबत. सकाळी दहाच्या आत पोचाचं असन तं समृद्धीच. फक्त एकशेवीसचा बोर्ड दिसला म्हणून एकशेवीसनं पळू नोका. तो बोर्ड तुमच्या गाडीसाठी नाही.

घाटवळण:
समृद्धीला माझं मत. जुन्या गाडीला घाट आणि खड्डे जास्त छळतात, सपाट रस्ता एकसारख्या वेगाने ती मजेत कापते. फक्त दोन गोष्टी. चढायच्या आधी टाकी फुल करा, ३५ लिटरची टाकी आहे, वर्ध्यापर्यंत आरामात पुरते. आणि हवा गार टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात दिलीय तेवढीच भरा. "उन्हाळा आहे, कमी ठेवा" म्हणणारे भेटतील. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. वाटेत गरम टायरमधली हवा सोडूही नका. शिवाय रस्ता इतका सरळसोट आहे की झोप येते. दर दीड तासाने थांबा.

वरोरावाला:
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या गॅरेजात दिवसभर शेजारी उभं राहून गाडी बघून घेतली. निकाल ऐका.

दोन टायर २०२२ चे, दोन २०१७ चे. स्टेपनी २०११ ची. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, अंगावरचे ते रबरी केस अजून तसेच. मला ती नवीकोरी वाटली होती! मेकॅनिकने अंगठ्याने कड वाकवून दाखवली, तर जुन्या चिनीमातीच्या कपासारख्या बारीक भेगा.

रेडिएटरमधून निघालेलं पाणी गुळाच्या चहासारखं. ऑइलच्या झाकणाखाली मात्र साय नाही, हुश्श. पार्किंगमधल्या परीक्षेत काटा मध्यावर यायलाच तयार नव्हता. मी खूश, म्हटलं गाडी गार राहते. मेकॅनिक हसला आणि थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेची, जागा उघडून दाखवली. आत काहीच नाही. कुणीतरी काढून फेकून दिलेला.

पान्याबहाद्दर, असं का करतात?

पान्याबहाद्दर:
कारण गाडी तापते म्हणून गिऱ्हाईक आलं की सगळ्यात स्वस्त इलाज तो. गंजलेला रेडिएटर साफ करायचा सोडून झडपच काढायची. इंजिन मग धड तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि खरा आजार आत तसाच राहतो. नवा बसवाच. बसवल्यावर मात्र परत पार्किंगची परीक्षा घ्या, आता रेडिएटर चोंदलेला असेल तर ते कळेल.

वरोरावाला:
घेतली. रेडिएटर उतरवून साफ केला, काटा मध्यावर, पंखा दोनदा लागला आणि बंद झाला. हिशोब देतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल:

तीन टायर, व्हॉल्व्हसकट ७,५००. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर ३,२००. थर्मोस्टॅट, दोन होज, झाकण, कूलंट, साफसफाई २,६००. मागचे ब्रेक शू आणि एक गळका व्हील सिलिंडर २,१००. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, फिल्टर २,४००. एकूण १७,८००.

मेकॅनिक सीट कव्हर आणि एसीचा गॅसही सुचवत होता. एसी बरा गार करतो, म्हणून हात लावू दिला नाही. कंडेन्सरवरचे मेलेले किडे आणि माती फक्त पाण्याने धुतली, त्यानेच फरक पडला.

घाटवळण, तुमचं ऐकून चाक काढायला घेतलं. पान्यावर उभा राहिलो, शब्दशः दोन्ही पायांनी, तरी नट हलेना. रविवारी जुन्या बाजारातून अधिकचा पाना आणला. आता सुटतात.

घाटवळण:
काटा वाटेत चढलाच तर लक्षात ठेवा: एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पंखा जोरात. उन्हात हीटर म्हणजे वेडेपणा वाटेल, पण तो इंजिनातली उष्णता आत ओढून घेतो. तेवढ्यात कडेला थांबा. आणि झाकण लगेच उघडायचं नाही, अर्धा-पाऊण तास तरी नाही. समृद्धीवर थांबलात तर गाडीत बसून राहू नका, सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि ११२ लावायचा.

वरोरावाला:
मंडळी, पोचलो. मुक्काम संभाजीनगरला केला, पहाटे सव्वाचारला सावंगीहून समृद्धीवर. ऐंशी ते पंच्याऐंशीच्या वर काटा नेला नाही. मागून येणारा प्रत्येक जण दिवे मारून गेला, मारू दे. कारंज्याच्या पुढे कुठेतरी खालून खडखड आवाज यायला लागला, पोटात गोळा आला. थांबून वाकून बघितलं तर पुढच्या बंपरखालचं प्लास्टिक एका बाजूने सुटलेलं. लेकीच्या केसांचं रबर लावून बांधलं, ते थेट घरापर्यंत टिकलं. (पान्याबहाद्दर, रबराविषयीचं तुमचं मत थोडं बदला.)

पावणेदहाला वर्धा, गोरसपाक घेतला, साडेबाराला घरी. शेवटचा तास एसी असून खिडकीची काच हाताला भाजत होती, काटा मात्र मध्यावरच. सरासरी १९ ची पडली.

आईने संध्याकाळी ऊन उतरल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसली, सीट पुढे ओढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डाव्या बाजूला आरसा का नाही?" खरंच नाही. दोन महिने मी ती गाडी चालवतोय, माझ्या लक्षातच आलं नाही. आता आरसा बसेपर्यंत चंद्रपूरला जाणार नाही म्हणते. कुणाला माहीत आहे का, या मॉडेलला डावा आरसा कुठून मिळेल? पुण्यातून मागवू का?

येळाकेळी_एक्झिट:
आरशासाठी पुण्याले कायले जाता भाऊ. चंद्रपुरातच स्पेअरच्या दुकानात भेटते. जाताना उजवा आरसा मोबाईलवर काढून न्या, नाहीतं दुकानदार दुसऱ्या मॉडेलचा हातात देईन. आणि गाडी तुम्ही चालवा, आईले बाजूले बसवा.